नळावरचा न्याय

संगणकाचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो, असं कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे संशयाने बघतो आणि मग स्वतःच्या मोबाइलकडे. 'अहो, इथे गाणं चालू आहे, नकाशा रस्ता दाखवतोय, व्हॉट्सॲप वाजतंय, शिवाय चार्जिंगही चाललंय!' चार्जिंगचा मुद्दा मी सोडून देतो. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र माझं म्हणणं खरं आहे. प्रोसेसरच्या एका कोअरवर एका क्षणाला साधारणपणे एकच काम चालतं. आठ कोअर असतील तर आठ. उरलेल्यांनी थांबायचं.

माझ्या लॅपटॉपवर आत्ता तीनशेच्या वर प्रोसेस, म्हणजे चालू केलेले प्रोग्रॅम, नांदताहेत आणि त्यातल्या बहुतेक झोपलेल्या आहेत. ही बदनामी नव्हे. 'टॉप' नावाची आज्ञा दिली की प्रत्येकीच्या ओळीत तिची स्थिती एका अक्षरात उमटते आणि बहुतेकींच्या वाट्याला 'एस' येतो, म्हणजे झोप. कुणी कळ दाबली जाण्याची वाट बघत पडलीय, कुणी नेटवरून काही येण्याची, कुणी नुसतीच पाच मिनिटांचा गजर लावून. 'आर' म्हणजे चालत असलेल्या किंवा चालायला तयार असलेल्या. त्या जेमतेम दोन-तीन. एक ब्राउझर, तो असतोच. आणि दुसरी खुद्द 'टॉप'. गर्दी मोजायला आलेला स्वतःचंही डोकं मोजतो, हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

या तयार मंडळींपैकी आता कुणी चालायचं, किती वेळ चालायचं आणि कुणाला मध्येच उठवायचं, हे ठरवणारा कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, जो भाग असतो त्याला शेड्युलर म्हणतात. माझं पोट त्यावर चालतं. नातेवाइकांना हे समजावून सांगण्याचा नाद मी सोडलाय. 'कंप्युटरमध्ये आहे' एवढं त्यांना पुरतं आणि ते प्रिंटर घेऊन येतात.

पुस्तकात शेड्युलर वाचला तेव्हा मला तो कुठेतरी भेटल्यासारखा वाटला, कारण तो भेटलाच होता. पुण्यात आम्ही ज्या वाड्यात राहायचो तिथे अकरा बिऱ्हाडं होती आणि नळ एक.

नळ मागच्या चौकात होता. काळ्या दगडाचं नळकोंडाळं, पितळी तोटी, आणि पाणी उडू नये म्हणून तोटीला बांधलेली कुणाच्या तरी धोतराची चिंधी. पहाटे पाणी यायचं आणि उजाडलं की जायचं. त्या दोन घटनांच्या मधला काळ म्हणजे वाड्याचं सार्वजनिक जीवन. रांगेत माणसं उभी नसायची. रांगेत भांडी असायची: हंडे, कळशा, डालड्याचा मोठा डबा, आमची कान तुटलेली बादली. माणसं आत चहा घेत असायची आणि त्यांच्या वतीने भांडं नंबर सांभाळायचं. कर्नेलचंही अगदी असंच असतं. त्याच्या रांगेत प्रोग्रॅम उभे नसतात. प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावाची एक नोंद असते: कोण आहे, कुठवर आला होता, किती वेळ चालला. अख्खा प्रोग्रॅम रांगेत आणायला कर्नेलला सवड नाही.

वाड्यात सुरुवातीला राज्य होतं ते सद्सद्विवेकबुद्धीचं. ज्याचा नंबर त्याने आपलं भरावं आणि आपण होऊन बाजूला व्हावं. माडीवरच्या काकूंनी या व्यवस्थेचा पाया खणून काढला. त्या हातात एक हंडा घेऊन यायच्या, पण त्या हंड्यामागे स्वयंपाकघरात चार भांडी दबा धरून असायची. 'एवढं एकच गं' असं त्या दर भांड्यामागे म्हणायच्या, आणि प्रत्येक वेळी ते खरंच वाटायचं. विंडोज ३.१ आणि ॲपलच्या जुन्या मॅकमध्ये हेच तत्त्व होतं. प्रोग्रॅमने स्वतःहून प्रोसेसर सोडायचा, अशी त्यांची श्रद्धा. एखादा प्रोग्रॅम सोडायला विसरला किंवा आतल्या आत गरगरत राहिला की अख्खं यंत्र गोठायचं आणि माणसं बटण दाबून सगळंच बंद करून पुन्हा चालू करायची. वाड्यात तशी सोय नव्हती.

मग घरमालकीण नानी नळावर येऊन बसल्या. त्यांच्यासाठी एक पाट आला, हातात माळ आली, आणि वाड्यात सक्तीची पाळी सुरू झाली. तुमचं भरलंय की नाही हा प्रश्नच नाही. नानींनी 'पुरे' म्हटलं की भांडं बाजूला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हे 'पुरे' म्हणण्याची आठवण करून द्यायला यंत्रातलं घड्याळ असतं. ते कर्नेलला सेकंदाला शंभर ते हजार वेळा, जशी मांडणी केली असेल तसं, टोचून उठवतं. उठलं की कर्नेलने बघायचं, नळाखाली कोण आहे आणि त्याचं पुरे झालं का.

यात खरी करामत पुढे आहे. अर्धा भरलेला हंडा बाजूला काढला तर त्यातलं पाणी जसंच्या तसं राहिलं पाहिजे. पुढच्या पाळीला तो पुन्हा तोटीखाली येईल तेव्हा जिथे थांबला होता तिथूनच भरायला लागला पाहिजे. कर्नेल प्रोसेसरमधल्या रजिस्टरांत काय काय होतं ते टिपून ठेवतो, दुसऱ्या प्रोग्रॅमचं टिपण काढून तिथे मांडतो आणि बाजूला होतो. पहिल्या प्रोग्रॅमला आपल्याला मध्ये उठवलं होतं याचा पत्ताही लागत नाही. माडीवरच्या काकूंना मात्र लागायचा आणि त्या तो सगळ्या आळीला लावायच्या.

हे अदलाबदलीचं काम फुकटात होत नाही. एक भांडं काढून दुसरं लावेपर्यंत पाणी दगडावर पडतच असतं. प्रत्येकाला तांब्या-तांब्यानेच द्यायचं ठरवलं तर सगळ्यांना सारखं मिळेल, पण निम्मं पाणी गटारात जाईल. एकेकाला पिंपभर द्यायचं ठरवलं तर शेवटच्या बिऱ्हाडात दुपारपर्यंत चहा नाही. शेड्युलरवर आजवर जेवढी डोकी खपली ती सगळी तांब्या आणि पिंप यांच्या मधलं माप शोधण्यात खपली. सध्या ते काही मिलिसेकंदांच्या घरात आहे.

लिनक्सची सुरुवातच मुळी या अदलाबदलीतून झाली. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने नवा ३८६ संगणक घेतला आणि त्याला काय काय येतं ते बघायला दोन कामं लिहिली. एक पडद्यावर 'ए' छापत राहायचं, दुसरं 'बी'. थोडे ए, मग थोडे बी, मग पुन्हा ए. बाहेर फिनलंडचा हिवाळा आणि आत हा मुलगा ए आणि बी यांच्या पाळ्या बघत खूश. आज जगभरातले असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइडचा प्रत्येक फोन ज्या कर्नेलवर चालतात त्याचं मूळ हे. पहिली फुटकळ आवृत्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. तिच्यात जास्तीत जास्त ६४ कामांची सोय होती. शेड्युलरचं फंक्शन पानभराचंही नव्हतं आणि त्याच्या माथ्यावर लिनसने शेरा मारून ठेवला होता की हा उत्तम कोड आहे आणि तो बदलायची वेळ बहुधा येणार नाही.

त्यानंतर तो किती वेळा मुळापासून उपटला गेला याचा पाढा पुढे येईलच. पण एवढं सांगतो की विशीतल्या मुलाने नळावरच्या व्यवस्थेला 'आता यात बदल नको' असं म्हणणं हे वयाला शोभून दिसतं. नानींनी असं विधान कधी केलं नाही.

लिनसचा तो पहिला शेड्युलर साधा होता. दर पाळीला सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचायची, ज्याचा वाटा सर्वांत जास्त शिल्लक असेल त्याला लावायचं, सगळ्यांचा संपला की नव्याने वाटप. अकरा बिऱ्हाडांना हे पुरतं. अकराशे झाली की नानींचा वेळ यादी वाचण्यातच जातो आणि तोटी मोकळी वाहते. २००२ साली इंगो मोलनार या हंगेरियन गृहस्थाने नवी रचना आणली. कामं कितीही असोत, पुढचं काम शोधायला वेळ तेवढाच. १४० पायऱ्यांच्या दोन फळ्या, एक चालू आणि एक आटोपलेल्यांची. पहिली रिकामी झाली की अदलाबदल. काम झकास होतं. गोम दुसरीकडे होती. कोण ताटकळत बसलेल्या माणसाचं काम करतंय आणि कोण नुसतं मागे हमाली करतंय, हे या शेड्युलरला ओळखायचं होतं, आणि ते तो झोपेवरून ओळखायचा. जो जास्त झोपतो तो माणसाच्या कळ दाबण्याची वाट बघत असणार, तेव्हा उठल्याबरोबर त्याला बढती. तर्क चांगला आहे, पण तर्कच आहे. वाड्यात उशिरा उठणाऱ्या प्रत्येकाला 'बिचारा रात्रपाळीहून आला असेल' म्हणून पुढे घेतलं असतं तर आठ दिवसांत सगळा वाडा रात्रपाळीला लागला असता.

इथे या कथेत एक डॉक्टर येतो. कॉन कोलिव्हस, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. पेशाने भूलतज्ज्ञ. संगणकशास्त्राचं कसलंही शिक्षण न घेता हा माणूस कर्नेलमध्ये शिरला, कारण त्याचं म्हणणं, मागे काही जड काम लावलं की गाणं अडखळतं आणि माउस उड्या मारतो. मोठमोठ्या सर्व्हरांचे आकडे त्याला नको होते, घरच्या संगणकावर बसणाऱ्या माणसाला काय वाटतं ते त्याला हवं होतं. मला विचाराल तर या कामाला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. चांगल्या चालत्या-बोलत्याला झोपवायचं, काम होईपर्यंत झोपलेलं ठेवायचं आणि वेळेवर उठवायचं, हा ज्याचा रोजचा धंदा त्याला शेड्युलर वेगळा काय शिकवणार?

२००७ च्या सुरुवातीला कोलिव्हसने दाखवून दिलं की झोपेवरून अटकळी बांधायची गरज नाही. सगळ्यांना सरळ न्यायाने वाटलं तरी माउस हलतो. लोकांनी वापरून बघितलं, वाहवा केली. आणि एप्रिलमध्ये इंगो मोलनारने याच तत्त्वावरचा आपला नवाकोरा शेड्युलर पुढे ठेवला. ६२ तासांत लिहिला, असं त्यानेच सांगितलं. न्याय्य वाटप शक्य आहे हे सिद्ध करण्याचं श्रेयही त्याने कोलिव्हसला मोकळेपणी दिलं. श्रेय एकाला, जागा दुसऱ्याला. कर्नेलमध्ये मोलनारचा शेड्युलर गेला, कोलिव्हसने त्याच वर्षी सगळं सोडलं, आणि दोन वर्षांनी तो एक नवा शेड्युलर घेऊन परतला ज्याचं पूर्ण नाव कौटुंबिक अंकात छापता येत नाही. लोक त्याला बीएफएस म्हणतात. सर्वांना समान न्याय देणारं यंत्र बनवताना ते बनवणाऱ्यांत 'माझा नंबर होता' यावरून बिनसावं, हे मला नळाच्या परंपरेला धरून वाटतं.

मोलनारचा तो शेड्युलर म्हणजे सीएफएस. ऑक्टोबर २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत आला आणि सोळा वर्षं टिकला. त्याची युक्ती मला वाचताक्षणी कळली, कारण ती मी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी राबवत होतो. मला कळशी उचलवायची नाही, म्हणून नानींनी माझ्या हातात कोळसा दिला होता. प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावापुढे भिंतीवर रेघा मारायच्या. ज्याच्या रेघा सर्वांत कमी, पुढची पाळी त्याची. बस. अटकळ नाही, वशिला नाही, झोपेची चौकशी नाही. सीएफएसमध्ये या रेघांना व्हीरनटाइम म्हणतात. सगळी कामं आपापल्या रेघांच्या क्रमाने एका झाडावर टांगलेली असतात आणि सर्वांत डावीकडचं फळ तोडून तोटीखाली लावायचं.

पण रेघा सरळ मारायच्या नसतात. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात नऊ माणसं होती, तेव्हा त्यांच्या दोन कळशांना मी एक रेघ मारायचो. जिन्याखालच्या खोलीत एक ब्रह्मचारी मास्तर राहायचे. त्यांच्या एका कळशीला दोन. मास्तर गणित शिकवायचे, त्यामुळे त्यांनी कधी तक्रार केली नाही, फक्त लग्नाचं मनावर घेतलं. कर्नेलमध्येही कामाचं वजन जितकं जास्त तितकं त्याचं घड्याळ सावकाश चालतं. साध्या कामाचं वजन १०२४. वजन ठरतं 'नाइस' या आकड्यावरून. तो उणे २० पासून १९ पर्यंत असतो आणि जितका मोठा तितके तुम्ही दुसऱ्यांशी सौजन्याने वागता, म्हणजे मागे राहता. एक पायरी सौजन्य वाढवलं की वजन १०२४ वरून ८२०. शेजारी साधं काम असेल तर ५५ विरुद्ध ४५ अशी वाटणी. १९ वर गेलात तर वजन १५. उणे २० ला ८८,७६१. म्हणजे अतिसज्जन आणि अतिउर्मट यांच्यात जवळजवळ ५,९०० पटींची तफावत. आणि खरी गंमत नियमात आहे. साध्या माणसाला आपलं सौजन्य वाढवता येतं, पण एकदा वाढवलेलं कमी करता येत नाही. त्याला रूटची, म्हणजे मालकाची, परवानगी लागते. एकदा चुकून 'आधी तुम्ही घ्या' म्हणालात की जन्मभर तुमचा नंबर तोच. हा नियम ज्याने केला त्याने बरीच वर्षं एकत्र कुटुंबात काढली असावीत अशी माझी खात्री आहे. ही सोय वापरतं कोण हे बघायला मी यंत्रं धुंडाळली आहेत. रात्री फायलींची प्रत काढणारं एखादं बापुडवाणं काम सोडलं तर स्वखुशीने कुणीही नाही.

आता झोपणाऱ्यांचा प्रश्न. रेघा कमी त्याची पाळी, असं म्हटलं तर जो तासभर झोपला त्याच्या रेघा तासाने कमी. उठल्यावर त्याने तासभर नळ अडवून बसायचं का? खालच्या आत्या महिनाभर लेकीकडे जाऊन आल्या की ही मागणी करायच्याच. 'महिनाभरात एक थेंब घेतला नाही मी!' नानी म्हणायच्या, 'ते पाणी गेलं गटारात आत्याबाई, आजच्या रांगेत कळशी ठेवा.' सीएफएसचा निकाल शब्दशः हाच. उठणाऱ्याला आज सर्वांत कमी रेघा ज्याच्या त्याच्या आसपास बसवायचं, वर काही मिलिसेकंदांची सूट द्यायची. कळ दाबल्यावर अक्षर चटकन उमटावं एवढ्यापुरती. जुनी बाकी चालत नाही. आमच्या घरात मात्र एका लग्नातलं मानपान तिसऱ्या लग्नापर्यंत पुढे ओढलं जातं, तेव्हा मला सीएफएसच्या त्या पाच-सात ओळी छापून देवघरात लावाव्याशा वाटतात.

न्यायाची ही काळजी वायफळ नाही. एमआयटीबद्दल एक आख्यायिका पाठ्यपुस्तकांतून चालत आलीय. १९७३ साली तिथला आयबीएम ७०९४ संगणक बंद करताना त्यात खालच्या दर्जाचं एक काम रांगेत सापडलं. ते दाखल झालं होतं १९६७ मध्ये. सहा वर्षांत त्याची पाळी आली नव्हती. दर वेळी कुणीतरी वरच्या दर्जाचं पुढे घुसत गेलं. तंत्रज्ञ याला स्टार्व्हेशन म्हणतात. सरकारदरबारी अर्ज केलेल्या कुणालाही मी ही गोष्ट सांगितली की तो विचारतो, 'सहाच?'

वरच्या दर्जाचे लोक असतातच. बाळंतिणीच्या पाण्याला रांग नाही, हा वाड्याचा कायदा होता आणि तो कुणी मोडत नसे. कर्नेलमध्ये ही रिअल-टाइम कामं. ती आली की साधी कामं गप्प उभी राहतात. फक्त एका बिऱ्हाडाने सव्वा महिन्याचं बाळंतपण तीन महिने लांबवलं तेव्हा नानींनी ठरवलं की बाळंतीण असो की कुणी असो, शेवटच्या दोन कळशा बाकीच्यांच्या. लिनक्सचाही साधारण असाच नियम: सेकंदातले ९५० मिलिसेकंद रिअल-टाइमवाल्यांनी घ्यावेत, ५० उरलेल्यांना ठेवावेत. निदान त्या ५० मध्ये मालकाला आत शिरून चावटपणा करणाऱ्याला बाहेर तरी काढता यावं.

आणि दर्जा ठरवूनही घोटाळा होतो तो कसा, हे ज्याला बघायचं असेल त्याने मंगळाकडे बघावं. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. थोड्या दिवसांत ते अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं. त्यात लिनक्स नव्हतं, व्हीएक्सवर्क्स होतं, पण नळ तो नळच. वाड्यात एक रबरी नळी होती, मोठी पिंपं भरायला. समजा ती नळी एका पोराकडे आहे. सर्वांत खालचा नंबर, काम किरकोळ. तेवढ्यात बाळंतिणीच्या घरून निरोप येतो, नळी हवी. पोरगं एका मिनिटात देईल, पण त्याला ते मिनिटच मिळत नाही, कारण मधल्या नंबरची मंडळी त्याला बाजूला सारून आपली लांबलचक कामं उरकताहेत. त्यांना नळीशी देणंघेणं नाही, आणि बाळंतिणीच्या वाटेत आपण आहोत हे त्यांच्या गावीही नाही. यानात पोरगं म्हणजे हवामानाची माहिती गोळा करणारं काम, मधली मंडळी म्हणजे दळणवळणाचं, आणि बाळंतीण म्हणजे यानातल्या माहितीची ने-आण सांभाळणारं सर्वांत महत्त्वाचं काम. ते वेळेत झालं नाही की पहारेकरी घड्याळ समजायचं, काहीतरी भयंकर घडलंय, आणि सगळं यान नव्याने चालू करायचं. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी यानाच्या जुळ्या नमुन्यावर तीच परिस्थिती उभी करून चूक पकडली आणि पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती काय? नळी ज्याच्याकडे असेल त्याला, ती सोडेपर्यंत, तिची वाट बघणाऱ्या मोठ्या माणसाचा मान द्यायचा. सोयही आधीपासून तिथेच होती, फक्त बंद ठेवलेली. नानी नळीवाल्या पोराला पाहून ओरडायच्या, 'त्याला आधी आटपू द्या रे, तिकडे बाळंतीण खोळंबलीय.' त्यांनी व्हीएक्सवर्क्सचं नाव ऐकलेलं नव्हतं.

पुढे वाड्यात दुसरा नळ आला, पुढच्या चौकात. सगळ्यांना वाटलं भांडणं मिटली. मागच्या नळावर आठ भांड्यांची रांग आणि पुढचा नळ रिकामा सूं सूं करतोय, हे दृश्य त्यानंतर रोजचं झालं. कारण भांडं उचलून पुढे नेण्यात कष्ट होते, आणि तिकडे जाईपर्यंत तिथेही रांग लागेल ही भीती. लिनक्सला हा आजार होता हे २०१६ मध्ये एका शोधनिबंधाने मांडलं. कोअर रिकामे बसलेत आणि शेजारी कामं ताटकळताहेत. त्यातलं एक कारण तर रत्नासारखं आहे. भार वाटताना कर्नेल कोअरच्या गटांच्या सरासरीची तुलना करत होता. गटातला एकच कोअर प्रचंड भाराखाली असला की गटाची सरासरी फुगायची, आणि बाकीचे कोअर हात बांधून बसलेले असूनही कागदावर गट भरगच्च दिसायचा, मग त्यांना काम मिळायचं नाही. सरासरीने कुणाचं पोट भरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

२०२३ मध्ये सीएफएसही गेला. पीटर झिल्स्ट्राने ६.६ आवृत्तीत त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आणला. मूळ कल्पना आयन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांच्या १९९५ च्या निबंधातली. अठ्ठावीस वर्षं रांगेत उभी होती, एमआयटीतल्या त्या कामाच्या चौपटीहून जास्त. यात रेघा आहेतच, पण प्रत्येकाचं येणं-देणंही मांडलेलं असतं: हक्काच्या वाट्यापेक्षा कमी मिळालं तर येणं, जास्त उपसलं तर देणं. देणेकऱ्याला पाळी मागायचा अधिकार नाही. ज्यांना अधिकार आहे त्यांच्यात ज्याची मुदत सर्वांत आधी संपतेय तो पुढे. आणि ज्याला थोडंच पण लवकर हवंय त्याने तांब्या आणावा, त्याची मुदत जवळची धरली जाते. पिंप आणणाऱ्याने धीर धरावा. वाट्याचं पाणी तेवढंच, पण कधी मिळणार हे तुमच्या भांड्यावर.

या हिशेबात एक भोक उरलं होतं आणि ते मला फार ओळखीचं निघालं. देणेकरी झोपला तर? तो रांगेतून गेला म्हणून लगेच खातं पुसलं तर लबाड माणूस भरपूर उपसेल, क्षणभर डुलकी काढेल आणि कोऱ्या पाटीने परत येईल. खातं कायमचं ठेवलं तर अगदीच सावकारी. माझा चुलतभाऊ बाळ्या यातल्या डुलकीचा जनक. आमच्या रेघा सगळ्यांत जास्त झाल्या की बादली उचलून हा गायब. रांगेत नाही त्याच्या रेघा पुसायच्या, असा नानींचा नियम होता, तेव्हा मी इमानेइतबारे पुसायचो. पाच मिनिटांनी बाळ्या तोंड पुसत हजर. '६.१२' आवृत्तीत, २०२४ साली, कर्नेलने बाळ्याचा बंदोबस्त केला. देणं असलेलं काम झोपी गेलं तरी त्याचं भांडं रांगेतून उचलायचं नाही. बाकीच्यांच्या पाळ्या होत होत त्याचं देणं फिटलं, की मग ते बाहेर काढायचं.

ही बातमी मी बाळ्याला सविस्तर कळवली. तो आता नागपूरला असतो, त्याच्याकडे चोवीस तास पाणी असतं आणि तो ते कुणाशी वाटून घेत नाही. मी आकृती काढून पाठवली, रेघा दाखवल्या, जगातल्या यच्चयावत फोनमध्ये तुझ्यासारख्यांसाठी सापळा लावण्यात येतोय, हेही सांगितलं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: 'दादा, हिशेब तू ठेवत होतास ते बरोबर. पण आपल्या घरचं पाणी भरत कोण होतं?'